जोडीतला जुना सेल

आमच्या घरात सेल कधी मरत नसत. टीव्हीच्या रिमोटमधला एक सेल दमला की आई तेवढाच बदलायची. दमलेला खिडकीत उन्हाला ठेवायची आणि मग भिंतीवरच्या घड्याळात घालायची. घड्याळाला असं कितीसं लागतं, हे तिचं म्हणणं. नेरूळच्या आमच्या दोन खोल्यांत वस्तू वाया घालवणं हा एकच मोठा गुन्हा होता.

बाबा फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले, तरी धाकट्या भावाची सिगरेट सुटेना. सकाळी कानाला खडा लावायचा आणि संध्याकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर उभा. आई त्याचे शर्ट धुण्याआधी हुंगायची. मग कुठूनतरी त्याने ते वेप, म्हणजे सेलवर चालणारी सिगरेट, आणलं. विकायलाच बंदी, त्यामुळे बिल नाही की गॅरंटी नाही. पितळेची नळी, आत बोटाएवढे दोन सेल, एकावर एक. "दुधाची तहान ताकावर काय रे?" मी चिडवलं. पण सिगरेट खरंच सुटली. शर्टाला वास येईना. त्या आनंदात आईने दिवाळे गावच्या कोळीवाड्यात जाऊन पापलेट आणलं. मलाही आशा वाटली होती. आता त्या शब्दाचाच राग येतो.

विकणाऱ्याने एक मात्र बजावलं होतं: दोन्ही सेल एकदमच घ्यायचे, बरोबर चार्ज करायचे, बरोबरच बदलायचे. काही महिन्यांनी एका सेलचं वरचं प्लास्टिक फाटलं. भावाने तेवढा एकच नवा आणला.

"जोडीने बदल म्हणाला होता ना तो?" मी विचारलं.

"टेन्शन नको घेऊ, ताई. दुसरा मस्त चालतोय. रिमोटमधे आपण काय करतो?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "चालता सेल कोण टाकून देतं?"

मला हसूच आलं.

रविवारी सकाळी बाल्कनीत वेपमधला तो जुना सेल त्याच्या हातात फुटला. एकामागे एक लावलेल्या सेलमधून करंट सारखाच जातो. जुना आधी रिकामा होतो, आणि नवा त्याच्यातून करंट रेटतच राहतो. मग जुना तापतो. रिमोटला करंट चिमूटभर लागतो, म्हणून तिथे निभावतं. हे सगळं मी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मोबाइलवर वाचलं. तोवर आत त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं काढून झाली होती.

तक्रार कुणाकडे करणार? चोरीचा मामला, हळूहळू बोंबला. सोसायटीत आम्ही मोबाइल फुटला म्हणून सांगितलं. आईने ते सेलचं वाक्य पुन्हा कधी काढलं नाही, मीही नाही.

भाऊ पुन्हा सिगरेटवर आला. सिगरेटने जखम भरत नाही, असं डॉक्टर बजावतात. "आता काय राहिलंय, ताई?" तो म्हणतो. लायटर हातात धरायची त्याला भीती वाटते, फुटेल म्हणून. काडी एका हाताने ओढता येत नाही. ती मी ओढून देते, आणि प्रत्येक वेळी मला बाबांचा खोकला आठवतो.

आई आता शर्ट हुंगत नाही. सकाळी त्याची बटणं लावून देते. काल बटणं लावून झाल्यावर तिने स्वतःच त्याच्या खिशात सिगरेटचं पाकीट सरकवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काडेपेटी तुझ्याकडेच आहे ना?"