सेलिनामावशींचे डोळे

सेलिनामावशी रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन हाक मारायच्या, आणि बहुतेक वेळा ते नाव दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं. आमच्या कॉलनीतल्या जोशींना त्या कितीतरी दिवस 'काय शर्माजी' म्हणत होत्या. जोशींनी सुरुवातीला दुरुस्ती करून पाहिली, मग नाद सोडला आणि शर्माजींच्या वतीनं उत्तरं द्यायला लागले. कारण पुढचा प्रश्न गुडघ्यांचा असायचा, आणि गुडघे जोशींचेही दुखतच होते. एकदा तर आमच्या व्हरांड्यात झाकून ठेवलेल्या कूलरला त्यांनी "बसा बसा, उठू नका" म्हटलेलं मी स्वतः ऐकलंय. आम्ही हसायचो, मावशी आमच्याहून मोठ्यानं हसायच्या. वयच झालंय, विसरतात, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

मावशी मूळच्या वसईच्या. यजमान इकडे माळव्यात, देवासच्या एका कारखान्यात फिटर म्हणून आले आणि त्यांच्यामागून या. यजमान गेले, मुलगा वसईत स्थिरावला, रोज फोन करून बोलवायचा. पण या हलल्या नाहीत. कारण विचारलं की एकच शब्द, "गुरुवार." त्यांच्या चर्चमध्ये संसारी माणसांचा एक छोटा गट होता. त्यात ना फादर ना नन. कुणी नर्स, कुणी मास्तर, कुणी टायरवाला. ही मंडळी दर आठवड्याला गरिबांच्या घरी जायची. कुणाचं औषध, कुणाच्या मुलाची फी, कुणाचं नुसतं रडगाणं ऐकणं. फोटो काढायचा नाही, दिलं ते बाहेर बोलायचं नाही, आणि एकट्यानं कधीच जायचं नाही, नेहमी दोघांनी जायचं, हा त्यांचा नियम. मावशींची जोडीदारीण भोपाळला लेकीकडे राहायला गेली आणि मावशींची स्वारी माझ्या दारात आली.

"शोभा, गुरुवारी दुपारी काय करतेस गो तू?"

मी नुकतीच शाळेतून रिटायर झाले होते. "झोपते," मी म्हटलं.

"छान. म्हणजे रिकामी आहेस. आणि स्कूटी पण आहे."

"अहो मावशी, पण मी काही तुमच्यातली नाही."

"ज्यांच्याकडे जायचंय, ते तरी कुठे आमच्यातले आहेत?" असं म्हणून त्या मागच्या सीटवर बसल्यासुद्धा. निघण्याआधी त्यांनी क्रूसाची खूण केली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "तू तुझ्या गणपतीला सांग. रस्त्यावर खड्डे इतके आहेत की दोघांची गरज पडेल."

आमच्या घरी याची भरपूर चेष्टा झाली. गुरुवार आला की आमचे हे पेपरमागून विचारायचे, "आज कुणाची ड्युटी? दत्ताची की येशूची?" मी सांगायचे, "दत्ताची सकाळी झाली."

रेल्वे फाटकापलीकडच्या वस्तीत मी पहिल्यांदा मावशींबरोबर गेले तेव्हा नगरसेवकाच्या एका कार्यकर्त्यानं आम्हाला अडवलं. गळ्यात गमछा, हातात मोबाइल. "आंटी, ये धरम-वरम बदलवाने का चक्कर तो नी?" मी स्कूटी वळवायला लागले. मावशींनी मात्र त्याचा हातच धरला. "भिया, ये धापूबाई का राशनकार्ड पे पता बदलवाना है. कित्ते चक्कर लगा लिए, उत्ता सा नी बदला. तू बदलवा दे, तो मैं मानूं कि यां कुछ बदलता है." तो खजील होऊन हसला. पुढच्या महिन्यात धापूबाईचं कार्ड झालं, आणि तो गमछेवाला दिसला की मावशी त्याला लांबून हाक मारायच्या, अर्थात भलत्याच नावानं.

धापूबाई म्हणजे मावशींचं आवडतं घर. माहेर धारकडच्या नालछ्याजवळचं, नवऱ्यामागून वीटभट्टीच्या कामाला देवासला आली, नवरा गेला, ही राहिली. एका नमकीनवाल्याच्या लसूण शेवेसाठी ती घरी बसून लसूण सोलायची. खोलीत पाऊल टाकलं की त्या दर्पानं आमच्या डोळ्यांत पाणी यायचं. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, सगळं काम बोटांच्या अंदाजानं. पण सोललेली पाकळी काढावी तर हिनंच, एक ओरखडा दिसायचा नाही.

मावशींचा स्वतःचा एक कायदा होता : ज्या घरी जायचं तिथला चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही. माझं पित्त खवळायचं म्हणून मला माफी होती. "आपण नुसतं देऊन निघालो की त्यांना आपण पोस्टमन वाटतो," त्या म्हणायच्या. "चहा घेतला की पाहुणे." मग धापूबाई अंधाऱ्या कोपऱ्यात चुलीशी बसून चहा करायची, कप मावशींच्या हातात द्यायची, आपला स्टीलचा ग्लास घेऊन समोर बसायची. दोघी सुर्र सुर्र आवाज करत प्यायच्या. मी दाराशी, स्कूटीवर नजर ठेवून. कारण गल्लीतली पोरं तिच्या सीटवर उड्या मारायची.

आणि दर गुरुवारी मावशी एकच पालुपद लावायच्या : "धापूबाई, आंख का आपरेशन करा लो." धारच्या एका धर्मादाय दवाखान्यात मावशींचा गट दर हिवाळ्यात गाडीभर म्हातारी माणसं घेऊन जायचा. कितीजणांना यांनी हाताला धरून नेलं असेल. धापूबाई तेवढी बधत नव्हती. "म्हारे सब दिखे," ती म्हणायची. एका गुरुवारी मावशींनी फारच लावून धरलं, तेव्हा तिनं लसणाची टोपली बाजूला सारली.

"बेनजी, पेलां तम करई लो. फेर म्हूं करई लूंगा."

"मेरे को क्या हुआ है?"

"तम आज आया तो म्हारा मटका के राम-राम कऱ्यो," धापूबाई शांतपणे म्हणाली. "म्हूं तो यां बैठी थी."

मी हसून गडाबडा लोळायची बाकी राहिले होते. मग मावशींकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्यांचं तोंड असं पडलेलं मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

फाटकाशी मालगाडीसाठी थांबलो तेव्हा सगळं बाहेर आलं. जोशी, कूलर, माझ्या दंडाला घट्ट धरून चालणं, जे मी आपलं प्रेम समजत होते! मावशींना समोरच्या माणसाचा नुसता आकार दिसत होता, आणि त्या अंदाजानं नावं ठोकून देत होत्या. चर्चमध्ये त्या बायबलचा उतारा वाचत, तोही आदल्या दिवशी नातवाकडून फोनवर ऐकून पाठ केलेला.

"मुलाला कळलं तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात उभा राहील," त्या म्हणाल्या. "वसईला चौथ्या मजल्यावर बसून मी काय करू गो? टीव्ही ऐकू?"

"मग ऑपरेशन का नाही केलंत? जगाला नेता ना?"

"भीती वाटते," मावशी म्हणाल्या. "डोळ्यात सुई घालतात शोभा. मी पाहिलंय."

मला राग आला, हसू आलं आणि भरूनही आलं. मालगाडी काही संपेना.

पुढच्या गुरुवारी त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या. "दोघींची नावं दे. पण एकाच दिवशी आणि शेजारशेजारच्या खाटांवर. एकटीनं जायचं नाही, नियम म्हणजे नियम."

धापूबाईची अट वेगळीच होती : धारला जायचंच आहे तर भावाला नालछ्याहून बोलवा. तो आला, मांडवगडची खुरासाणी चिंच, म्हणजे गोरखचिंचेची भलीमोठी फळं, घेऊन. दवाखान्यातला तो दिवस मी जन्मात विसरणार नाही. एका खाटेवर गावदेव भेरूबाबाचा धावा, शेजारच्या खाटेवर येशूच्या माउलीची जपमाळ, दोन्ही इतकं मोठ्यानं की नर्स येऊन म्हणाली, "अम्मा, भगवान बहरे नी हैं." अधूनमधून दोघी चिंचेचा पांढरा गर चोखत होत्या. आधी कोण आत जाणार यावर बराच वेळ 'पेलां तम, पेलां तम' चाललं. शेवटी डॉक्टरांनी धापूबाईला बोलावलं. ती बाहेर आली, डोळ्याला पट्टी, आणि मावशींच्या दिशेनं ओरडली, "जाव बेनजी, सुई-वुई कईं नी दिखे! आंख ज बंद थी म्हारी!" डोळा काही बंद नव्हता, बंद ठेवून हे काम होत नाही, पण तेवढ्या एका वाक्यावर मावशी आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मावशींनी डोळ्याची उघडझाप करत माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "शोभा," त्या म्हणाल्या, "तू एवढी म्हातारी कधी झालीस गो?"

मुलाला सगळं झाल्यावरच सांगितलं. तो चिडला, रडला, आणि आईला राहू दिलं. मावशींचं देवास वाचलं. पुढचे काही आठवडे नुसती धमाल. जोशींना जोशी म्हटलं गेलं, तर तेच गडबडले. टेकडीवरचं देऊळ आमच्या गच्चीतून दिसतं हे मावशींना इतक्या वर्षांनी कळलं. स्कूटीवर मागे बसून त्या दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत, आणि मालकांच्या हिंदीतल्या चुका काढत.

बरं झाल्यावरच्या पहिल्या गुरुवारी धापूबाईकडे गेलो. ती एका डोळ्यानं लसूण सोलत होती आणि कुरकुरत होती, दिसायला लागल्यापासून हात मंद झालेत म्हणून. चहा झाला. सुर्र सुर्र झालं. मग आम्ही निघालो. मावशींनी स्कूटीवर पाट्यासुद्धा वाचल्या नाहीत. फाटक उघडं होतं, तरी म्हणाल्या, "थांब जरा."

थांबले.

"तिचा ग्लास कोरडा होता," मावशी म्हणाल्या.

"काय?"

"ग्लासात काही नव्हतं शोभा. ती नुसता आवाज करते. दूध एकाच कपाचं असतं. ते मला देते, आणि मला एकटीनं प्यायला लागू नये म्हणून रिकामा ग्लास तोंडाला लावते." त्यांनी पदरानं नवा डोळा पुसला, डॉक्टरांनी बजावलं होतं तरी. "इतकी वर्षं मी तिचा चहा पीत होते गो. वर कायदा करून."

मी म्हटलं, दुधाची पिशवी घेऊन जाऊ. मावशी म्हणाल्या, मग चहा तिचा राहणार नाही. मी म्हटलं, चहाच सोडा. त्या म्हणाल्या, मग ती दार लावून घेईल, मी तिच्या जागी असते तर मीही लावलं असतं. मी हात टेकले. आठवडाभर मावशींनी यावर विचार केला असावा, कारण पुढच्या गुरुवारी कप हातात येताच त्यांनी सुस्कारा सोडला.

"धापूबाई, शुगर निकली है मेरे को. डॉक्टर ने आधा ही कप बोला. अब ये आधा फेंकूं क्या? लाओ तुम्हारा गिलास."

आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी अर्धा चहा तिच्या ग्लासात ओतला. धापूबाईनं ग्लासाकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, आणि प्यायला लागली. या वेळी आवाज वेगळा होता.

ही थाप मावशींना फार महागात पडली. त्यांना शुगर-बिगर काही नव्हती, गोडावर मात्र जीव. आता वस्तीत कुणाच्या घरी पेढे आले, दिवाळीत कुणी गुजिया पुढे केल्या, की समोर धापूबाई बसलेली! मावशी हात जोडून 'नहीं नहीं, शुगर' म्हणत, आणि तोंड असं करत की मलाच दया यायची. मग घरी परतताना चौकात स्कूटी थांबवायला लावायच्या आणि उभ्या उभ्या जिलबी खायच्या, आडोशाला तोंड करून. "कुणी येत नाही ना गो?" आता सगळं स्पष्ट दिसत असूनही मला विचारायच्या.

हे असं बरेच हिवाळे चाललं. गेल्या वर्षी मावशी झोपेतच गेल्या. मुलगा वसईला न्यायचं म्हणत होता, पण त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, देवासलाच पुरा. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. गटातल्या टायरवाल्यानं दोन शब्द सांगितले, की या बाईनं आयुष्यभर गरिबांना दिलं, दिलं आणि दिलं. ते खरंच होतं, आणि मी बोळा झालेला रुमाल पुन्हा तोंडाशी धरला.

कबरस्तानात धापूबाई माझ्या शेजारी उभी होती. धुतलेलं लुगडं, हाताला लसणाचा वास. आम्ही दोघींनी मूठ मूठ माती टाकली. ती हळूच म्हणाली, "शक्कर-वक्कर कईं नी थी उनाके."

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"पेला दन से मालम थो. चौक में जलेबी खाता था, म्हूं म्हारी आंख से देख्या."

"मग तू तो चहा घेत का होतीस?"

धापूबाईनं माती लागलेला हात लुगड्याला पुसला. माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मास्तरीण असून एवढंही कळत नाही?

"म्हूं पी लेती थी तो उनाको जीव ठंडो होतो थो," ती म्हणाली. "इतरो तो म्हूं भी करी सकूं के नी, कोई का वास्ते?"