बाहेरचं माणूस लागतं

माग थांबला तेव्हा मी निपाणीत माझ्या स्वयंपाकघरात चपात्या लाटत होते, आणि माग होता वडगावात, माझ्या भावाच्या, अण्णाच्या घरी. शेजारी ठेवलेल्या मोबाईलमधून तो रोजच्यासारखा खटक-खटक ऐकू येत होता. मधूनमधून तो थांबायचाच. धोट्यातली सुताची कांडी संपली की वहिनी माग थांबवून नवी घालतात, मिनिटभरात पुन्हा खटक-खटक सुरू. त्या दिवशी मात्र सुरू झाला नाही. लाईट गेली म्हणावं तर लाईट गेली की आवाजच तुटतो. इथे तर पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग कुणीतरी पळाल्याचा आवाज आला. मी पिठाच्या हातानेच फोन लावला. फोन शेजारणीने उचलला. अण्णाला रिक्षात घालून नेलं होतं. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेलाच होता…

त्याला जाऊन काही आठवडे झाले. लोक भेटायला येतात, अण्णा किती शांत स्वभावाचा होता ते सांगतात. शांत कसला? चिवट होता. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की घरादाराच्या डोक्याला ताप. हायस्कूलच्या ऑफिसातून निवृत्त झाल्यावर त्याने वर्षभर एकच छंद केला, आणि त्याचं नाव मला धड उच्चारताही येत नव्हतं. पोर्ट फॉरवर्डिंग. आता येतं.

झालं असं, की एकदा बोलता बोलता मी म्हणाले, लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा मला मागाच्या आवाजाशिवाय चैन पडायचं नाही. आमच्या घरात चार माग होते, आता एक उरलाय, तो वहिनी चालवतात. मी हे सहज बोलून विसरून गेले. अण्णा विसरला नाही. त्याने जुना मोबाईल मागाशेजारी खिळ्याला टांगला आणि त्यातला आवाज निपाणीपर्यंत पोचवायचा घाट घातला.

आता हे पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे काय, ते त्यानेच मला समजावलं होतं. "आपल्या गल्लीत एकाच आडनावाची चार घरं हाईत. नवा पोस्टमन आला तर पत्र घेऊन कोपऱ्यावरच उभा ऱ्हातोय न्हवं? त्याला कुणीतरी सांगून ठेवाय लागतंय, ह्या नावाचं आलं की त्या दारात दे. घरातल्या इंटरनेटच्या पेटीला तेवढंच सांगायचं." एवढंच असेल तर एका दिवसात व्हायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी फोन. "शालू, आता उघडून बघ गं." मी उघडायची. नुसतं गोल गोल फिरत राहायचं. "न्हाय येत." "बरं झालं," तो म्हणायचा, "म्हंजे चूक दुसरीकडं हाय." पुन्हा आकडे बदलायचे, पेटी बंद करून चालू करायची, पुन्हा फोन. प्रत्येक वेळी काय काय केलं तेही तो सांगायचा, आणि मी भाजी निवडत हूं हूं करायची. इंटरनेटवाल्यांच्या मागे लागून त्याने न बदलणारा पत्तासुद्धा मिळवला. एकदा तर 'लागलं, लागलं' म्हणून पेढे आणून वाटले. नंतर कळलं, की हा घरातच बसून घरच्याच वायफायवर बघत होता. घरातून उघडलं म्हणजे बाहेरून उघडेल असं नाही. खरं-खोटं करायला बाहेरचं माणूस लागतं, ते मी. आणि पुढे कितीतरी दिवस सगळे आकडे बरोबर असूनही लागेना, तेव्हा वहिनींनी शोध लावला, की मागाच्या हादऱ्याने मोबाईलची चार्जिंगची पिन निसटतेय आणि मोबाईल बंद पडतोय. वहिनींनी पिन सुताने करकचून बांधली. त्या संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात माग वाजला.

त्याच्या आधी, वैतागून, मी त्याला विचारलं होतं, "अण्णा, ह्यात मजा तरी काय रं? फोन कर, मागापाशी धर, झालं की."

"लई मजा हाय," तो म्हणाला. "मी फोन केला तर मी ऐकवीन तवाच तू ऐकणार. हे उघडं असलं की तुझं तू कवाबी येशील. म्हायारला याला इचाराय लागतंय व्हय?"

आई-आप्पा गेल्यावर माहेर म्हणजे भाऊ, हे कुठल्या बाईला सांगावं लागत नाही. आणि भाऊही गेला की? कार्य उरकून निपाणीला आले तेव्हा हाच प्रश्न मनात होता. माग बंदच होता, पण मी रोज ते उघडून ऐकत बसायची. पंखा, कुकरची शिट्टी, दाराची कडी. मग एक दिवस तेही येईना, गोल गोल फिरत राहिलं. वहिनींनी काढून टाकलं असेल, असं मी धरलं. त्यांच्या घरातला आवाज, त्यांची मर्जी. कुठल्या तोंडाने विचारायचं? विचारलं नाही. पण फार लागलं मनाला.

आठवड्याने वहिनींचाच फोन आला. आवाजात राग होता. "वन्सं, माग सुरू करून चार दिस झालं. तुमी एका शब्दानं काय म्हटला न्हाईसा. मला वाटलं, ते गेलं आणि तुमी ऐकायचं सोडलं."

इंटरनेटवाला येऊन जुनी पेटी बदलून गेला होता. नवीन पेटीला कुणाचं नाव, कुठलं दार, काहीच ठाऊक नव्हतं.

मी दुसऱ्याच दिवशी बस धरली. अण्णाच्या खुर्चीत बसले, मांडीवर त्याचाच कॉम्प्युटर घेतला. भाजी निवडताना ऐकलेलं सगळं कानात होतं. कुठल्या पानावर जायचं, कुठला आकडा कुठे भरायचा, मग पेटी बंद-चालू. पहिल्यांदा नाही झालं. दुसऱ्यांदाही नाही. आणि खरं सांगते, मला उठावंसं वाटेना. बरं झालं, म्हंजे चूक दुसरीकडं हाय, असं मीच मोठ्याने म्हणाले तेव्हा वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग रडल्या.

शेवटी बाहेरचं माणूस लागलंच. वहिनी मोबाईलचं वायफाय बंद करून गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या. मग माग कोण चालवणार? मीच बटण दाबलं, लग्नानंतर पहिल्यांदा. फरशी थरथरली. मी माझा फोन कानाशी घट्ट धरून ओरडले, "वैनी, येतंय काय?"

मग वहिनी हळू म्हणाल्या, "येतंय. आत घरात कोण तरी हाय असं वाटालंय, वन्सं."

जन्मभर त्यांनी तो माग आतूनच ऐकला होता. बाहेरून ऐकायचा तो अण्णा, कामावरून घरी येताना.

तर अण्णा, यात मजा आहे. तू सांगत होतास आणि मी कबूल करत नव्हते, आता करते. ऐकायला तू हवा होतास.

आता निपाणीत संध्याकाळी चहा ठेवला की मी माग लावते. मध्येच तो थांबला की माझा हातही थांबतो. मिनिट होऊन गेलं तर फोन करते. "कांडी बदलालोय," वहिनी म्हणतात, "वाईच थांबा की." मग मी थांबते.