दातावर दात

आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वर्षभर परके देव राहायला होते. बटबटीत डोळे, फेंदारलेली नाकं, विचकलेले दात, आणि डोकं वरून उघडं, कारण तिथून दारू ओतायची. 'टिकी मग' म्हणतात ह्या पेल्यांना. दूरच्या कुठल्याशा बेटांवरच्या लाकडी देवांची ही तोंडं, आणि जुहूच्या एका हॉटेलाला बारसाठी तसे मग हवे होते. बाबा ठाण्याच्या एका कपबशांच्या कारखान्यात साचे बनवायचे. नव्वदच्या आसपास कारखान्याला टाळं लागलं, बाबा घरी बसले, आणि जुन्या ओळखीतून हे काम चालत आलं.

खाटेखाली साचे, गॅलरीत फळ्या, मोरीत मातीची बादली. बाबा माती पाण्यात घोळून ताकाइतकी पातळ करायचे आणि प्लास्टरच्या साच्यात ओतायचे. साचा पाणी पितो. आतल्या बाजूने मातीचा थर धरला की उरलेली माती परत बादलीत जायची, आणि तासा-दोन तासांनी साच्याचे दोन भाग उघडले की आत ओलाकच्च देव. दोन भागांच्या सांध्यावर मातीची एक कड राहते. ती बोथट सुरीने खरवडायची आणि ओल्या स्पंजने पुसायची, हे काम आईचं आणि माझं. मग आईच्या जुन्या साड्यांखाली ते सावकाश वाळायचे आणि आंबिवलीजवळच्या एका ओळखीच्या भट्टीवर भाजायला जायचे.

आईला ह्या कामाची मजा वाटायची. "ह्याचं नाक बघ, थेट तुझ्या काकाचं," असं म्हणून ती हसायची, आणि हसताना पदर तोंडावर. तिचा डावीकडचा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. लहानपणी कुणीतरी चिडवलं असेल, पण तिने ते जन्मभर धरून ठेवलं. तिच्या एकूण एक फोटोत तिचं तोंड घट्ट मिटलेलं आहे, लग्नाच्या फोटोतसुद्धा. माझाही दात तसाच आहे, आणि मी हसले की ती नकळत माझ्याही तोंडासमोर हात धरायची. मला राग यायचा.

राग मला चटकन येतो. आता कमी येतो, असं घरचे म्हणतात.

पहिले दोन मग रागीट तोंडाचे होते. ते हॉटेलला पसंत पडले, आणि तिथल्या माणसाने एक हसरं तोंड मागितलं. बाबा त्या एका तोंडावर दीड-दोन महिने बसले. मी कॉलेजातून यायचे तेव्हा ते मातीचा गोळा झाकून ठेवत. "पूर्ण झाल्यावर बघ," एवढंच म्हणायचे. साचा काढताना मातीची मूळ मूर्ती मोडते, त्यामुळे ती मी पाहिलीच नाही. मी पाहिला तो साच्यातून निघालेला पहिला मग. गाल वर चढलेले, डावा डोळा जरा बारीक, तोंड उघडं, आणि डावीकडे दातावर दात.

"ही आई आहे," मी म्हटलं.

मी घर डोक्यावर घेतलं. तुम्हाला लाज नाही वाटत? जिने आयुष्यभर दात झाकला, तिचाच दात दारुड्यांच्या टेबलावर ठेवणार? आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. पदर तोंडावर दाबलेला आणि खांदे हलत होते. "जाऊ दे गं, असू दे," एवढं ती कसंबसं म्हणाली. ती रडतेय हे बघून तर माझं डोकंच फिरलं. त्या दिवसापासून मी बाबांशी कामापुरतंच बोलायला लागले, आणि त्या मगाचा विषय आईने काढला तरी उठून जायचे.

हसऱ्या मगाचा एक नमुना भाजून हॉटेलला गेला, बाकीची ऑर्डर फळ्यांवर वाळत होती, आणि आईला कावीळ झाली. आधी झाडपाल्याचं औषध झालं, पथ्य झालं, मग कल्याणचं हॉस्पिटल. तीन आठवड्यांत ती गेली. त्या दिवसांत फळ्यांवरची फडकी कुणी भिजवली नाहीत. सगळे मग वाळून खडखडीत झाले होते.

बाबा आणि काका दहाव्याला नाशिकला गेले. घरात मी आणि गावाहून आलेली आत्या. सुतक फिटलं की घर धुऊन काढायचं, कपडे भिजवायचे, आणि घरातलं मातीचं भांडं ठेवायचं नाही, हा आमच्याकडचा रिवाज. आमच्यासारख्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्यांकडे मातीचं काय असणार, फार तर माठ. आत्याने माठ खाली ठेवला आणि तिची नजर गॅलरीत गेली.

"हे सगळं मातीचंच ना गं?"

"हो," मी म्हटलं.

"आणि खाटेखालचे ते पांढरे ठोकळे?"

साचा मातीचा नसतो. तो प्लास्टरचा असतो, हे मला आत्याच्या शंभरपट माहीत होतं. हसऱ्या तोंडाचा साचा तो एकच होता. आत्या माझ्याकडे बघत उभी होती. ती अडाणी असेल, पण दांडगाई करणारी नव्हती. मी 'नाही' म्हटलं असतं तर तिने बोटही लावलं नसतं.

"ते पण मातीचेच," मी म्हटलं.

का म्हटलं, हे मी आजवर स्वतःला पुष्कळदा विचारलंय. रिवाजावर माझा काडीचा विश्वास नव्हता. मला बाबांना शिक्षा करायची होती, आणि आईला त्या बारमधून सोडवून आणायचं होतं. आपण मोठं पुण्याचं काम करतोय, असंच मला वाटत होतं.

पोत्यांत भरून आम्ही सगळं रिक्षाने मोठागावच्या खाडीवर नेलं. भरती होती. चिखलाच्या कडेने एक म्हातारी कोळीण चिंबोऱ्यांची पाटी घेऊन येत होती. तिने पोत्यात डोकावून पाहिलं. "काय गो पोरी, हसता देव कशाला टाकतेस?" आत्याने हात जोडले. मी एकेक मग पाण्यात सोडला. कच्ची माती पाण्यात पडली की विरघळायला लागते. आधी नाक गेलं, मग गाल. हसऱ्या साच्याचे दोन्ही भाग सरळ बुडाले.

रात्री बाबा आले. मुंडण केलेलं, उन्हाने रापलेलं डोकं. चप्पल काढतानाच त्यांना मोकळी गॅलरी दिसली. ते खाटेखाली वाकले, हात आतपर्यंत घालून चाचपलं, मग तिथेच फरशीवर बसले. ते ओरडतील म्हणून मी तयार होते. माझी उत्तरं तोंडपाठ होती.

"ती समोर बसायची," बाबा म्हणाले. "रोज दुपारी, तू गेल्यावर. आधी पदर काढेना. मग एकदा मी काहीतरी बोललो आणि खो खो हसली, म्हणाली, करा आता जसं दिसतंय तसं. पोरीला सांगू नका म्हणाली, एकदम दाखवू तिला."

मला ओट्यापाशी उभी आई दिसली. हलणारे खांदे दिसले. ती रडत नव्हती. माझ्या थयथयाटाला ती हसत होती, आणि हसते आहे हे मला कळू नये म्हणून पदर तोंडात कोंबत होती. थोडं थांबले असते तर तिने सांगितलं असतं. मी कुणाला बोलू दिलं तर ना.

नमुन्याचा तो एक भाजलेला मग मागायला बाबा जुहूला जाऊन आले. तिथल्या माणसाने बिचाऱ्याने कपाटं उघडून शोधलं. मिळाला नाही. बारमध्ये काय फुटलं ते कोण लक्षात ठेवतो, म्हणाला.

साचा आत्याने टाकला असंच बाबा धरून चालले. ते तिला एका शब्दाने बोलले नाहीत, पण पुढे तिच्याकडे जाणंही सोडलं. आत्याने माझं नाव कधीच घेतलं नाही. मी तर कधी कबूल केलंच नाही. बाबा आणि आत्या, दोघंही आता नाहीत, आणि लिहायला मला आता धीर झालाय, ह्याची लाज वाटते.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका दुपारी मी घरी होते. बाबांनी कितीतरी महिन्यांनी माती मळली, पाटावर गोळा ठेवला आणि मला समोर बसवलं. आईचे डोळे, कपाळ त्यांनी भराभर आणलं. ते त्यांच्या हातात होतं. तोंडापाशी आल्यावर हात थांबला.

"तुझा दात अगदी तिच्यासारखा आहे," ते म्हणाले. "जरा हस बघू."

मी तोंड उघडलं. गाल वर ओढले. बाबा मान तिरकी करून बघत राहिले, एकदा मातीला बोट लावल्यासारखं केलं, परत माझ्याकडे पाहिलं. माझे गाल दुखायला लागले तरी मी तशीच बसले होते. मग त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि गोळ्यावर टाकलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तू नुसते दात दाखवतेयस."