भोंग्याआधीची दवंडी

जळ्ळा मेला तो शब्द! आजही कुणी ‘भोंगा’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

तसा शब्द लहानपणापासूनच ओळखीचा. धाकटा रडायला लागला की आई म्हणायची, ‘पसरलास भोंगा?’ माहेरी बंदरात आगबोटीचा भोंगा झाला की आम्ही धावत सुटायचो, मुंबईहून बाबा यायचे. गावच्या मास्तरांनी सांगितलेलं मूळही साधंच. भों असा आवाज, म्हणून भोंगा.

लग्न होऊन पिंपरीत आले तेव्हा कारखाना नवाच होता. यजमान तिथे मशीनवर. पाळी भरताना आणि सुटताना भोंगा व्हायचा, त्यावर आमच्या चुली पेटायच्या. पण तो अवेळी वाजला, तर आत कुणाला तरी अपघात झालाय, हे वस्तीतली प्रत्येक बाई जाणून होती.

एका दुपारी तसा वाजला. पिठाच्या हातांनी, अनवाणी, आम्ही फाटकापर्यंत पळालो. पहारेकरी हसून म्हणाला, ‘काही नाही हो, नवा भोंगा बसवलाय. साहेब वाजवून बघतायत.’ पुढल्या आठवड्यात पुन्हा तेच. शेजारची गरोदर पोरगी धावताना पडली. मग मात्र मी साहेबांची गाडीच अडवली.

‘बाई, भोंगा म्हणजे नुसता इशारा असतो,’ साहेब मला समजावायला लागले.

‘तुमच्यासाठी असेल. आम्हाला वाटतं, कुंकू पुसायची वेळ आली! वाजवून बघायचाय ना, मग आधी सांगा!’

माझ्यामागे गावातली म्हातारी आक्का उभी होती. ‘व्हय, न्हाईतर आमी हितंच बसतो,’ ती म्हणाली.

तेव्हापासून भोंगा तपासायच्या आधी गावचा दवंडीवाला हलगी वाजवत वस्तीतून फिरायचा. ‘ऐका हो ऐका! आज दुपारी नुसताच भोंगा हाय, कुनी घाबरू नका!’ लोक हसायचे. मी निवांत भाकऱ्या थापायचे. केवढा अभिमान होता मला त्या दवंडीचा!

मशीनच्या पट्ट्याला जाळी लावा, म्हणून यजमान केव्हापासून साहेबांच्या मागे लागले होते. नवा भोंगा आला, जाळी काही येईना.

त्या दिवशी अवेळी भोंगा झाला तेव्हा आम्ही साऱ्या नळावर होतो. कुणीच हललं नाही, नुसत्या एकमेकींकडे बघत राहिलो. सकाळपासून हलगी वाजलीच नव्हती.

फाटकावर पहारेकरी हसला नाही. मला बघून त्याने टोपी काढली. पट्ट्याने यजमानांना ओढून नेलं होतं.

जाळी दुसऱ्याच दिवशी बसवली मेल्यांनी!