सौम्य थंडी आणि वैरागडेबाईंची गोरसी

हवामानाच्या ऑफिसात नोकरी केली की किस्से आपोआप साचतात. लग्नाला जा, मयतीला जा, लोक तुमच्याशी दुसरं काही बोलतच नाहीत! रायपूर नुकतंच राजधानी झालं तेव्हा मी तिथे क्लार्क होतो, आणि माझे निम्मे किस्से एकट्या वैरागडेबाईंचे आहेत. बाई मूळच्या भंडाऱ्याच्या. रोज सकाळी अंगणातल्या पांढऱ्या लाकडी पेटीतल्या तापमापी वाचून वहीत आकडे लिहायचे, हे त्यांचं काम. मान डोलावणं त्यांच्या ड्युटीत नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीआधीच वरून हंगामाचा अंदाज आला. यंदा थंडी सौम्य! आमचे साहेब जबलपूरहून बदलून आलेले, आणि त्यांची छापील कागदावर फार श्रद्धा. त्यांनी सगळ्यांना जमवून तो कागद वाचून दाखवला. दुसऱ्याच दिवशी बाईंनी घरच्या गोधड्या आणून ऑफिसच्या गच्चीवर उन्हात घातल्या. अंदाज ऐकला नाही का, असं साहेबांनी विचारलं.

"ऐकला न साहेब. पण कागदाले थंडी वाजत नाही, मले वाजते."

* * *

डिसेंबरात टेबलं बर्फासारखी गार पडली. आम्ही हीटरसाठी अर्ज केला. तो परत आला, वर साहेबांचा शेरा, ‘पूर्वानुमान देखें.’ म्हणजे अंदाज बघा.

बाईंनी गल्लीतल्या कुंभाराकडून मातीची शेगडी आणली. इकडे तिला गोरसी म्हणतात. निखारे भरून ती टेबलाखाली ठेवली. साहेबांनी मेमो दिला की ऑफिसात आग चालणार नाही. बाईंनी मेमोची घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि गोरसी होती तिथेच राहिली. आठवड्याभरात साहेब प्रत्येक फाईलवर चर्चा करायला स्वतः बाईंच्या टेबलाशी येऊ लागले. आणि चर्चा चांगली तासभर चालायची!

* * *

पण एका गोष्टीत बाई हसत नव्हत्या. थंडी वाढली की चौकाचौकात सरकारी लाकडं टाकून अलाव, म्हणजे शेकोट्या, पेटवायची पद्धत होती. लाकडं निघायची आमच्या ऑफिसच्या पत्रावर. आणि साहेब पत्र काढत नव्हते, कारण थंडी सौम्य होती.

बाईंचे मिस्टर शहराबाहेर उरल्याला रोलिंग मिलमध्ये होते. रात्रभर भट्टीसमोर घामानं भिजायचं आणि पहाटे त्याच ओल्या शर्टानं सायकलवर बीरगावला घरी यायचं. त्यांना खोकला लागला होता, छाती वाजत होती. शिफ्टमधल्या कितीतरी माणसांचं तेच चाललं होतं. बीरगावच्या चौकात थांबून शेकायला काही नव्हतं. बाईंनी पत्रासाठी तीनदा सांगितलं. साहेब तिन्ही वेळा म्हणाले, देखेंगे. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता.

* * *

मग ती सकाळ. बाईंनी पेटी उघडून किमान तापमान वाचलं, साडेपाच. वहीत लिहिलं. साहेबांचा विश्वास बसेना. कानटोपी, मफलर, हातमोजे अशा थाटात ते स्वतः पेटीपाशी गेले आणि तापमापी काढून नाकासमोर उलटी उभी धरली. आमच्याकडे नवं पोरगंही असं करत नाही! तिच्या आतली बारीक दांडी रात्रीच्या नीचांकावर थांबलेली असते. तापमापी अशी उलटी झाली की ती सरकून आत्ताच्या तापमानावर येते, आणि रात्रीची नोंद गेली.

"चौदा है!" साहेब म्हणाले. "वो काट दो."

बाईंनी आत येऊन वही टेबलावर त्यांच्यापुढे ठेवली.

"मी नाही काटत. जे वाचलं ते लिहिलं. तुम्हाले काटायचं असन त काटा, पण बाजूले सही करा. नियम हाय."

साहेबांनी हातमोजा काढला आणि पेन उचललं. ते बोटांत धरवेना. एकदा पडलं. मी उचलून दिलं. पुन्हा पडलं.

बाईंनी पायानं गोरसी साहेबांच्या खुर्चीकडे सरकवली. साहेब बसले. बराच वेळ निखाऱ्यांवर हात धरून त्या साडेपाचच्या आकड्याकडे बघत राहिले. मग पेन घेतलं आणि काहीही न काटता त्याच्याखाली सही केली.

बाईंनी वही मिटली नाही. ड्रॉवरमधून टाईप केलेला कागद काढून वर ठेवला. बीरगावच्या लाकडांचं पत्र.

"हात अजून शेकून घ्या साहेब," त्या म्हणाल्या, "तीन कॉप्या हायत."