मनगटावर लावून बघितलं का

माझ्या बायकोचं पार्लर लातुरातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत आहे. मधे एक जाड निळा पडदा. पडद्याच्या पलीकडे बायका, अलीकडे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघरात मी. दिवसा मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवतो. सुटीच्या दिवशी साखर, लिंबू आणि पाणी घेऊन वॅक्स शिजवतो. आमच्या घरी पुरुषाला पडदा ओलांडायची परवानगी नाही. दुभत्या म्हशींच्या गोठ्यात रेड्याला जितकं विचारतात, तितकंच मला इथे विचारतात.

नव्या पोरी शिकायला आल्या की बायको त्यांना आधी माझ्याकडे पिटाळते. मी गुरुजीच असल्यामुळे लगेच शिकवत सुटतो. पाक मंद आचेवर, रंग मधासारखा. थेंब पाण्यात टाकला तर मऊ गोळी झाली पाहिजे, खडा नको. केस तांदळाच्या दाण्याएवढे तरी हवेत, त्याहून आखूड असतील तर गिऱ्हाईक आठ दिवसांनी बोलवायचं. घाम पुसून पावडर. वॅक्स केसाच्या दिशेनं पातळ लावायचं, कातडी एका हातानं ताणून धरायची, पट्टी उलट दिशेला, पण अंगाला घासून ओढायची. आभाळाकडं ओढली की केस मधेच तुटतात आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं. चेहऱ्याला कुठली क्रीम लावता, कुठल्या गोळ्या चालू आहेत, हे आधी विचारायचं. गोरं व्हायची क्रीम लावणाऱ्या कधीच आपणहून सांगत नाहीत.

पोरी वहीत लिहून घेतात. मग मी म्हणतो, "आणि दर वेळी आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघायचं." हे म्हणताना माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो. पोरींना वाटतं, सरांची वर्गातली सवय.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मनगटावर वॅक्स तपासायचं काम माझंच होतं, आणि त्यामुळे माझ्या डाव्या मनगटावर एक गुळगुळीत टक्कल पडलं होतं. स्टाफरूममध्ये ते सगळ्यांना पाठ झालेलं. हजेरीपटावर सही करायला हात पुढे केला की इतिहासाचे सर म्हणायचे, "सर, उजव्या हाताची कधीची अपॉइंटमेंट हाय?" मी हसायचो आणि शर्टाची बाही खाली ओढायचो. शेवटी मनाशी ठरवलं, महिनाभर तपासायचं नाही. केस येऊ द्यायचे. पुरुषाची अब्रू कुठे कुठे जाऊन बसते बघा.

त्याच महिन्यात ती आली. निलंग्याच्या पुढच्या, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातली पोरगी. मी तिला पाहिलं नाही. फक्त ऐकलं.

"ताई, उद्या बघायला येणार हायत," ती आत बायकोला सांगत होती. "मागल्यानं हातावर केस लई हायत म्हणून नकार दिला. तोंडाला काही म्हणाला न्हाई, ते नशीब."

बायको हसली. "आणि ह्यानं पण नकार दिला तर?"

"मग नर्सिंगचं शेवटचं वर्ष. बाबांनी तसंच सांगितलंय. जमलं तर लग्न, न्हाई जमलं तर कॉलेज."

"तुला काय पाहिजे?"

"मला काय, आधी हात पाहिजेत," ती म्हणाली.

बायकोनं वॅक्सचा चमचा उचलला की ती कानडीत मोजायला लागायची. बहुतेक आईकडून आलेलं. "ओंदू, एरडू, मूरू." तीन म्हटलं की बायको ओढायची, चर्र आवाज यायचा, आणि ती एक छोटा श्वास सोडायची. मी ओट्यापाशी कांदा चिरत होतो आणि नकळत तिच्याबरोबर मोजत होतो.

डावा हात झाला आणि लाइट गेली. हीटर थंड, वॅक्स घट्ट. पडद्यातून बायकोनं डबा बाहेर दिला. "लवकर द्या गरम करून, तिची बस हाय."

मी डबा थेट गॅसवर ठेवला. जरा वेळानं बघितलं तर वर जाडसर साय धरल्यासारखी दिसली, म्हणून वाटलं, बेताचं झालंय. उष्णता खालून वर कशी चढते, तळ आधी का तापतो, हे मी त्याच आठवड्यात फळ्यावर बाण काढून शिकवलं होतं. चाळीस पोरांना कळलं होतं.

"मनगटावर लावून बघितलं का?" बायकोनं विचारलं.

मी माझ्या मनगटाकडे बघितलं. तीन आठवड्यांची कोवळी लव आली होती.

"हाव," मी म्हणालो.

आतून आवाज आला, "ओंदू, एरडू..."

आणि मग तो आकडा आलाच नाही. त्याच्या जागी जे आलं ते लिहून दाखवता येत नाही. मोठ्यानं नव्हती ओरडली. मोठ्यानं ओरडली असती तर मी विसरलो असतो.

वॅक्स साखरेचं, पाण्यात विरघळणारं होतं, म्हणून बायकोनं ते पट्टीनं ओढलं नाही, वरून पाणी ओतत राहिली. माठ रिकामा झाला. नळाला पाणी आठ दिवसांनी येणारं, म्हणून मी पिण्याच्या कळश्या एकेक करून पडद्याखालून सरकवत होतो. शेजारीण टूथपेस्ट घेऊन धावली, बायकोनं तिला दारातच थांबवलं. नुसतं गार पाणी, बाकी काही नाही. मग डॉक्टर. मी रिक्षा आणायला मागच्या दारानं पळालो आणि परत येईपर्यंत त्या दोघी दुसऱ्या रिक्षानं गेल्याही होत्या. तिला तोंड दाखवायची वेळ आलीच नाही. खरं सांगायचं तर मी रिक्षा जरा लांबच्या चौकातून आणली.

रात्री बायको एवढंच म्हणाली, "उजव्या मनगटाच्या वर. चिंचेसारखा वाकडा डाग पडणार." माझ्या 'हाव'बद्दल तिनं कधीच विचारलं नाही. त्यापेक्षा विचारलं असतं तर बरं.

तेव्हापासून मी लातुरात बायकांचे हात बघत फिरतो. हे वाक्य कसं वाचलं जाईल ते मला माहीत आहे. एकदा भाजी मंडईत एका बाईनं मला त्याबद्दल चार शब्द सुनावलेही, आणि ते बरोबरच होते. आमच्याकडच्या उन्हात स्कूटीवरची प्रत्येक बाई तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल आणि खांद्यापर्यंत हातमोजे घालते. सिग्नलला दहा जणी थांबल्या तर दहाही तीच असू शकते. डाग कुणाच्याही हातमोज्याखाली असू शकतो. पी.टी.च्या तासाला मैदानावरून "एक, दोन, तीन" ऐकू आलं की माझा खडू दोनवर थांबतो. घरात कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या की मी तिसरीची वाट बघत उभा राहतो. मनात एकच यायचं: उद्या बघायला येणार होते. माझ्यामुळे तिचं मोडलं.

मागच्या मार्चातल्या एका रविवारी पडद्याआड दोन बायका आल्या. मी वॅक्स उतरवत होतो.

"बनवणारे अजून तेच हायत का?" एकीनं विचारलं.

माझ्या हातातला चमचा डब्यात गेला. सहा वर्षांत आवाज जाडसर झाला होता, पण तोच होता.

"तेच," बायको म्हणाली. तिनंही ओळखलं होतं. "दुसरीकडं गेली असतीस तरी चाललं असतं गं."

"दुसरीकडं अजून चूक व्हायची हाय, ताई. इथं होऊन गेलीय." मग पडद्याकडे तोंड करून ती म्हणाली, "सर, डावा हात आत द्या."

मी डबा पडद्याखालून सरकवला आणि फटीतून हात घातला. पलीकडे माझा हात एकटाच होता. तिनं डब्यातलं वॅक्स माझ्या मनगटावर लावलं. कोमट होतं. त्यावर पट्टी दाबली.

"ओंदू, एरडू," ती म्हणाली, आणि थांबली.

मीही थांबलो.

"लग्न जमलं माझं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी हाताला पट्टी होती. सासूबाईंनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, पुरण शिजवताना हातावर उडालं. त्या लगेच म्हणाल्या, कामाची पोरगी हाय. तिथंच होकार."

मी म्हणालो, "मला वाटत होतं, मोडलं."

"मोडलं असतं तर नर्स झाले असते." ती हे रागानं म्हणाली नाही. "नांदेडच्या दवाखान्यात असते आता. नवरा चांगला हाय. पुरण मात्र दर सणाला मलाच करावं लागतं. बरं झालं का वाईट, ते मी अजून ठरवतेय."

पट्टी तशीच होती. पट्टीखाली माझी नाडी मला मोजता येत होती.

"आज कुणाला आणलंस?" बायकोनं विचारलं.

"धाकट्या बहिणीला. उद्या बघायला येणार. हिला विचारलंय, ही मनानं हाव म्हणालीय. पण हिच्या हातावर काही नको, ना केस, ना डाग. जे ठरायचं ते हातावरून ठरू नये."

मग तिनं न मोजता पट्टी ओढली. मी ओरडलो, चांगला मोठ्यानं. आत तिघी हसल्या. हात परत घेताना पडद्याच्या फटीतून क्षणभर तिचं मनगट दिसलं. चिंचेसारखा डाग, फिकट, कडेला गुलाबी. चेहरा नाही दिसला. मी मान वळवली होती.

त्यानंतर अर्धा तास मी ओट्याला टेकून उभा होतो. आतून धाकटीच्या हातावर थोरली मोजत होती. ओंदू, एरडू, मूरू. दर वेळी मूरू आलं. दर वेळी येईपर्यंत मी श्वास घेतला नाही.

निलंग्याच्या बसची वेळ झाली तशा त्या निघाल्या. मी मागच्या दारानं कोपऱ्यापर्यंत गेलो, ह्या वेळी जवळच्याच. रस्त्यावर उन्हात चार-पाच बायका चालल्या होत्या. सगळ्यांची तोंडं स्कार्फमध्ये, हात कोपरापर्यंत झाकलेले. त्यांतल्या एकीनं हात वर केला. रिक्षाला केला, की मला, ते मला सांगता येणार नाही. मी टक्कल पडलेलं मनगट वर करून उभा राहिलो, आणि रिक्षावाला माझ्यापाशी येऊन थांबला.