आम्हीच लिहून दिलेला रस्ता

गावाचं नाव लिहीत नाही. इंदापूरकडून बारामतीला येताना लागतं, एवढं पुरे. नाव लिहिलं तर कुणीतरी माझी फाईल पुन्हा कपाटातून काढायचं, आणि ती बंद व्हायला मला नगरपंचायतीचे इतके हेलपाटे घालावे लागलेत की तिथला शिपाई मला बघितलं की आपोआप खुर्ची पुढं करतो.

मी शिलाईचं काम करते. खाली रस्त्याला लागून दुकान, वर दोन खोल्या, जिना बाहेरून आणि संडास मागं परसात. धडधाकट माणसांना या घरात काही कमी नव्हतं. माझे मालक भाजीचा टेम्पो चालवायचे. पहाटे बारामतीच्या मार्केट यार्डात माल उतरवून दहाच्या आत जेवायला घरी यायचे. एका सकाळी लकव्यानं त्यांचा उजवा हात आणि पाय गेला. दवाखान्यातून आणलं तेव्हा चौघांनी खुर्चीत बसवून वर नेलं आणि ते वरच राहिले. पुढं काठी धरून खोलीतल्या खोलीत चालायला लागले, पण तो उभा जिना काही त्यांना उतरता येईना. सगळं पलंगावरच करावं लागायचं. मला त्याची किळस कधी वाटली नाही, त्यांना मात्र लाज वाटायची. मी भांडं घेऊन आले की भिंतीकडं तोंड करायचे आणि माझं उरकेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत. ज्या माणसानं कधी कुणाला टेम्पोचं चाकसुद्धा बदलू दिलं नाही, त्याचे हे हाल बघून मला रडू यायचं नाही, राग यायचा.

दुकानाच्या बाजूला आमची मोकळी जागा आहे. तिथं एक खोली आणि तिला लागून संडास बांधायचा होता. बसायला खुर्चीसारखं भांडं, भिंतीला धरायला दांडी आणि दाराला उंबरा नाही, एवढंच माझं स्वप्न. गवंडी म्हणाला, महिन्यात उभी करून देतो. ओळखीचे झाडून सगळे म्हणाले, बांधून टाका, परवानगीचं मागनं बघू. आमच्याकडं रीतच तशी आहे, आधी भिंती आणि मग नकाशा. पण उद्या कुणी तक्रार केली, जेसीबी दारात आला आणि याच माणसाला पुन्हा खुर्चीत घालून वर न्यायची वेळ आली, तर ते मला सोसलं नसतं. म्हणून मी नकाशा काढून घेतला आणि वाढीव बांधकामाचा अर्ज रीतसर दिला. लोकांनी मला वेड्यात काढलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. परवानगी नाही. कारण मोकळ्या जागेतून सार्वजनिक रस्ता जातो आणि रस्त्यापासून अंतर सोडायला हवं. ते सोडलं तर उरलेल्या जागेत एक कपाट मावलं असतं.

मी तडक बांधकामाच्या साहेबांकडं गेले. साहेब तरुण, बोलायला गोड. म्हटलं, "सायेब, तितं रस्ता कुठं हाय? ती आमची वाट हाय." आणि खरंच ती वाटच होती. आमच्या घरामागं शेजारच्या तात्यांचं रान आहे. त्यांचा ऊस बाहेर काढायला जागा नव्हती, म्हणून माझ्या सासऱ्यांनी आपल्या जागेतून गाडी जाईल एवढी वाट सोडली. कागद नाही, सही नाही. बांधावर उभं राहून दोघांनी चहा घेतला आणि झालं. आजही कारखान्याला जाणारी तात्यांची ट्रॉली माझ्या दुकानाच्या भिंतीला घासूनच जाते.

साहेबांनी एक जुनी फाईल उघडून माझ्यापुढं सरकवली. आत एक अर्ज होता. "सदर रस्ता सार्वजनिक असून वर्षानुवर्षे वहिवाटीत आहे, तरी काँक्रीट करून दिव्याचा खांब द्यावा." अक्षर माझं, खाली पहिली सही माझी आणि दुसरी तात्यांची.

मी कपाळाला हात लावला. खाजगी वाटेवर नगरपंचायत खांब देत नाही, म्हणून आम्हीच तिला सार्वजनिक रस्ता करून टाकलं होतं. गल्लीगल्लीत लोक असंच करत होते. माझं अक्षर चांगलं म्हणून अर्ज माझ्याकडून लिहून घेतला आणि काँक्रीट होऊन खांब उभा राहिला तेव्हा मी पेढे वाटले होते.

साहेबांना माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, एक काम करा. खोली दाखवूच नका. पत्र्याचा गोठा दाखवा. तात्पुरत्या गोठ्याला कोणी हरकत घेत नाही. आत काय ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ते चांगल्या मनानं बोलले, हे मला आज कळतं. त्या वेळी नुसतं डोकं फिरलं. म्हटलं, "सायेब, माझा नवरा म्हंजी म्हस न्हाय. त्याला मी गोठ्यात बांधायची न्हाय." शेजारच्या टेबलावरची माणसं कागद सोडून बघायला लागली. मी पुढं म्हटलं, "तुमाला न्हायच म्हणायचं आसंल तर पुरं लिवून द्या. ह्या माणसाला चालता येत न्हाय, त्याच्या संडासाला आमी परवानगी देत न्हाय, आसं लिवा आन् खाली सही करा." साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ते वाक्य लिहायला कुणी तयार होईना.

मग मार्ग निघाला तो असा. सातबाऱ्यावर जागा अजून आमचीच होती. रस्ता होता तो फक्त नगरपंचायतीच्या नोंदवहीत. ती नोंद सभेनं ठराव करून काढली तर अंतराचा प्रश्न मिटत होता. पण त्यासाठी मी आणि तात्या, दोघांनी लिहून द्यायला हवं होतं की आमचा पहिला अर्ज खोटा होता.

तात्यांकडं गेले तेव्हा ते ठिबकच्या नळ्या गुंडाळत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, आज तो रस्ता हाय म्हणून माझा ऊस जातोय. उद्या वाट झाली आन् तुज्या पोरानं तितं गेट लावलं, तर मी ट्रॉली काय डोक्यावरनं नेऊ?"

"मी जित्ती हाय तवर कोण लावतंय गेट?"

"तू जित्ती हायस. मागनं?"

मला राग आला, पण माणूस चुकीचं बोलत नव्हता. सासऱ्यांचा चहा आता पुरणार नव्हता. मी पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलाला बोलावून घेतलं आणि आम्ही मायलेकांनी स्टँपपेपरवर सह्या केल्या की ट्रॉली जाईल एवढी वाट तात्यांच्या घरासाठी पिढ्यान्पिढ्या उघडी राहील. तात्यांनी तो कागद घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि मग माझ्या कागदावर अंगठा नाही, झोकदार सही केली.

सभेच्या दिवशी मी आणि तात्या मागच्या बाकावर बसलो. आमचा विषय शेवटून दुसरा होता. तो वाचला गेला तसे एक सभासद हसत म्हणाले, "खांब पायजे तवा रस्ता, आन् खोली पायजे तवा वाट? ताई, आसं कसं चालंल? वाट हाय ह्याला पुरावा काय?" सगळी सभा हसली. त्यांचा मुद्दा बरोबर होता, म्हणूनच मला जास्त झोंबला. मी उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, बाहेरच्यांना बोलता येत नाही.

"मग ऐकू न्हाय आलं आसं समजा," मी म्हटलं. "खोटं मीच लिव्हलं. लाईट पायजे म्हणून लिव्हलं. तवा तुमचा एक माणूस वाट बघाय आला न्हाय, माझ्या अक्षरावर तुमी रस्ता केला. आता खरं लिवतीय तर पुरावा मागताय. खोट्याला तर मागितला न्हवता. तुमचा दिवा काढून न्या. काँक्रीट बी उखडून न्या. माझ्या नवऱ्याला संडासला जायला चार पावलांची जागा पायजे, आन् ती माझ्या सासऱ्याची हाय."

बोलून झालं तरी मी खाली बसले नाही. शेजारी तात्या उठले. म्हणाले, "मी बी खोटी सही केली. लिवून घ्या."

ठराव झाला. हसून झालेल्या माणसांना हात वर करायला फार जड गेलं नाही. पुढच्या महिन्यात परवानगीचा कागद आला आणि त्याच्या पाठोपाठ शिडी घेऊन दोन माणसं आली, त्यांनी खरंच खांबावरचा दिवा काढून नेला. मी त्यांना पाणी दिलं. न्या असं मीच म्हणाले होते, आता कुरकुर कशाला?

खोलीच्या भिंतींना पाणी मारून झालं, दांडी बसली, तेव्हा मुलानं आणि गवंड्यानं मालकांना खाली आणलं. जिन्यावर ते कुणाकडं बघत नव्हते. खोलीत आल्यावर मात्र चारही भिंतींकडं नीट बघितलं आणि डाव्या हातानं दांडी ओढून पाहिली, टेम्पोची दोरी ओढून बघायचे तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत ते उठले. मी हात द्यायला पुढं झाले तर काठीनंच मला बाजूला केलं. आत गेले आणि आतून कडी लावली.

मी दाराला कान लावून उभी राहिले. पडले तर, पाणी सांडलं असलं तर, दांडी निसटली तर. बराच वेळ झाला. मग आतून आवाज आला, जड जिभेनं, एकेक शब्द सुटा करत.

"जा की... दुकानात."